ना धड वाहक, ना धड रोधक

आमच्या घरी आजोबांचा एक ट्रान्झिस्टर होता. तपकिरी चामड्याच्या पिशवीतला, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. आजोबा तो शेतावर नेत, गोठ्यात नेत, रात्री उशाशी घेऊन झोपत. सेल उतरले की दुपारभर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळच्या बातम्या तेवढ्या त्यांच्यावर काढून घ्यायच्या, ही तर घरोघरची रीत. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल.

मी तेव्हा सातवीत होतो. शाळेत कोणीतरी सांगितले की, ट्रान्झिस्टर हे रेडिओचे नाव नव्हेच. रेडिओच्या पोटात एक वस्तू असते, तिचे ते नाव. झाले! एका दुपारी आजोबा निजलेले पाहून मी ती पेटी उघडली. आत तारा होत्या, रंगीत पट्ट्यांचे मणी होते, तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी कांडी होती. ट्रान्झिस्टर कोणता ते काही कळेना. पेटी पुन्हा मिटवली, तर ती बोलेना. त्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज ऐकायचा राहिला. काढणी तोंडावर आलेली आणि आभाळ भरून आलेले. आजोबा मला रागावले नाहीत. नुसते ओट्यावर येऊन आभाळाकडे पाहत बसले. रागावले असते तर बरे, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. दुरुस्ती करणाऱ्याने माझ्या हातून तुटलेली तार जोडून दिली आणि मग चिमट्याच्या टोकाने आतला एक काळा दाणा मला दाखवला. हरभऱ्याएवढा. त्याला तीन पाय. "हा बघ ट्रान्झिस्टर. बाकीची सगळी पेटी याच्या दिमतीला." आपल्या डब्यातला एक जळका ट्रान्झिस्टर त्याने मला दिलाही. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पुढे मी गणितात एम. ए. केले आणि आता कॉलेजात तेच शिकवतो. पदार्थविज्ञान हा काही माझा विषय नव्हे. पण तो तीन पायांचा दाणा करतो तरी काय, हे समजल्याशिवाय मला चैन पडले नाही. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवतो आहे. शाळेतले थोडे विज्ञान आठवत असेल तर तेवढी शिदोरी आपल्याला पुरेल.

नावावर जाऊ नका

विजेच्या दृष्टीने पदार्थांचे दोन वर्ग आपण शाळेत शिकतो. तांबे, अॅल्युमिनियम, लोखंड यांच्यातून वीज सहज वाहते, हे वाहक. काच, चिनी माती, रबर यांच्यातून ती जवळजवळ वाहतच नाही, हे रोधक. घरातल्या साध्या वायरीत दोन्ही शेजारी नांदतात: आत तांबे, वर प्लॅस्टिक. या दोन वर्गांमधील अंतर प्रचंड आहे. काचेचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या कोटी कोटी पटींहूनही अधिक असतो.

या दोन टोकांच्या मध्ये काही पदार्थ आहेत. सिलिकॉन, जर्मेनियम ही मूलद्रव्ये, शिशाचे गॅलिना नावाचे खनिज, गॅलियम आणि आर्सेनिक यांचे संयुग, वगैरे. यांना आपल्याकडे अर्धसंवाहक किंवा अर्धवाहक म्हणतात. आता या 'अर्ध' शब्दाने एक घोटाळा होतो. अर्धी वीज वाहून नेणारा तो अर्धवाहक, असे आपण समजतो. तसे असते तर त्याचे एवढे कौतुक करण्याचे कारणच नव्हते. मध्यम प्रतीचा वाहकच हवा, तर मिठाचे पाणी काय वाईट?

अर्धवाहकाचा गुण वेगळाच आहे. तांबे हे नेहमी वाहकच असते. आपण काही केले तरी ते फारसे बदलत नाही. काच नेहमी रोधकच असते. अर्धवाहकाचे वागणे मात्र आपल्याला ठरवता येते. ऊब देऊन, उजेड पाडून, चिमूटभर दुसरे द्रव्य मिसळून, नाहीतर नुसता विजेचा दाब शेजारी आणून त्याला वाहक करता येते आणि पुन्हा रोधकही करता येते. ना धड वाहक, ना धड रोधक, असे आपण एखाद्याला हिणवण्यासाठी म्हणू. पण येथे सारी किंमत या मधल्या स्थितीलाच आहे.

ही ओळख जगाला एकदम पटली नाही. १८३३ साली इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे याच्या लक्षात आले की, चांदी आणि गंधक यांचे संयुग तापवले तर त्यातून वीज अधिक सहज वाहते. धातूंचे याच्या उलट असते. ते तापले की विजेला अधिक अडवतात. १८७४ साली जर्मनीत फर्डिनांड ब्राऊन याला दिसले की, अशाच काही खनिजांवर धातूचे टोक टेकवले तर वीज एका दिशेने बरी वाहते, उलट दिशेने अडते. या दोन्ही गोष्टी कशामुळे घडतात, हे त्या काळी कळणे शक्यच नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी १८९७ सालचा.

या कथेत आपल्या देशाचाही एक मानाचा धागा आहे. कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिनाच्या स्फटिकाचा उपयोग विद्युत्-लहरी ओळखण्यासाठी केला. त्यासाठी त्यांच्या नावाने १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज झाला आणि १९०४ साली पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपकरणासाठी दिलेले हे अगदी पहिल्या पेटंटांपैकी एक होय. आमच्या आजोबांच्या पेटीचे मूळ असे इथवर येऊन पोहोचते.

दुधात विरजण, दुधात मीठ

आता सिलिकॉनच्या पोटात शिरू. हे मूलद्रव्य काही दुर्मिळ नाही. नदीतल्या वाळूत ते आहे, दगडात आहे. पृथ्वीच्या कवचाच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग त्याचाच. सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या बाजूस चार इलेक्ट्रॉन असतात. त्याला चार हात आहेत, असे समजा. स्फटिकात प्रत्येक अणू आपल्या चार शेजाऱ्यांचे चार हात धरून उभा असतो. सगळे हात गुंतलेले. मग वीज वाहून न्यायला मोकळा कोण? जवळजवळ कोणीच नाही. शुद्ध सिलिकॉनमध्ये आपल्या खोलीतल्या उष्णतेला सुमारे ५ लाख कोटी अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन हात सोडवून मोकळा झालेला असतो. उष्णता वाढली की अधिक हात सुटतात, अधिक इलेक्ट्रॉन मोकळे होतात. फॅरडेने पाहिलेल्या नवलाचे मर्म हेच.

आता यात फॉस्फरसचे थोडे अणू मिसळा. फॉस्फरसला बाहेरचे इलेक्ट्रॉन पाच. चार हात शेजाऱ्यांना दिले, पाचवा शिल्लक राहिला. तो सहज मोकळा होतो आणि वीज वाहू लागते. असे मिसळायचे तरी किती? समजा, ५० लाख अणूंमागे एक. म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने साऱ्या महाराष्ट्रात पाहुणी माणसे अवघी बावीस! पण तेवढ्याने सिलिकॉनमधले मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे १० लाख पटींनी वाढतात. विश्वास बसत नाही ना? गणित करून पाहा. आधी ५ लाख कोटींत एक होता, आता ५० लाखांत एक झाला. पहिल्या संख्येला दुसरीने भागा, उत्तर १० लाखच येते.

विरजणाची आठवण करून देणारी ही गोष्ट आहे. तांब्याभर दुधाला चमचाभर विरजण लागते आणि दुधाचा स्वभाव पालटतो. (विरजण दुधात वाढत जाते, फॉस्फरस वाढत नाही, एवढा फरक ध्यानात असू द्या.) पण त्याच दुधात चुकून मिठाचा खडा पडला तर? म्हणून सिलिकॉन आधी कमालीचे शुद्ध करावे लागते. इलेक्ट्रॉनिकीसाठी लागणारे सिलिकॉन शेकडा ९९.९९९९९९९ इतके शुद्ध असते. म्हणजे १०० कोटी अणूंत परका अणू फार तर एखादा. आधी भांडे असे लख्ख घासायचे आणि मगच मोजून विरजण लावायचे. कारागिरीचे निम्मे रहस्य येथे आहे. नुसती शुद्धता निरुपयोगी आणि नुसती भेसळही निरुपयोगी. शुद्ध पदार्थात मापून केलेली भेसळ, ही उपयोगी.

फॉस्फरसऐवजी बोरॉन मिसळला तर उलटा प्रकार होतो. बोरॉनला बाहेरचे इलेक्ट्रॉन तीनच. चौथ्या हाताची जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेला पोकळी म्हणू या. आता रिकामी जागा वीज कशी वाहून नेणार, अशी शंका येईल. आपल्याकडची पंगत डोळ्यांसमोर आणा. पानांची ओळ मांडली आहे आणि एका टोकाचे पान रिकामे आहे. वाढणारा म्हणतो, "जरा सरकून घ्या." त्या पानाशेजारचा मनुष्य त्यावर सरकतो, त्याच्या जागी पुढचा, त्याच्या जागी त्यापुढचा. माणसे एका बाजूला एकेक पानच सरकली. पण रिकामे पान पाहता पाहता दुसऱ्या टोकाला गेले! सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन असेच सरकतात आणि पोकळी उलट दिशेने प्रवास करते. इलेक्ट्रॉनचा विद्युत्-भार ऋण आहे, म्हणून पोकळी धनभारासारखी वागते.

तर असे हे दोन प्रकार झाले. जादा इलेक्ट्रॉनांचा तो 'एन' प्रकार आणि पोकळ्यांचा तो 'पी' प्रकार. एवढ्या दोन मालावर पुढचा सगळा संसार उभा आहे.

एका बाजूने वाट, दुसऱ्या बाजूने भिंत

सिलिकॉनच्या एकाच तुकड्याचा अर्धा भाग पी आणि अर्धा एन केला तर मधल्या सीमेवर काय होईल? एनमधले काही इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन पोकळ्या भरतील. पण हे फार वेळ चालत नाही. इलेक्ट्रॉन गेले म्हणून सीमेच्या एन बाजूला धनभार मागे राहतो आणि ते आले म्हणून पी बाजूला ऋणभार साठतो. तो साठलेला ऋणभार नव्या इलेक्ट्रॉनांना मागे लोटतो. अशी एक अदृश्य भिंत सीमेवर आपोआप उभी राहते. सिलिकॉनच्या बाबतीत ती ओलांडायला सुमारे ०.७ व्होल्टचा दाब लागतो.

आता सेलचे धन टोक पीला आणि ऋण टोक एनला जोडले, तर भिंत खचते आणि वीज वाहते. उलट जोडले, तर भिंत आणखी उंच होते आणि वीज थांबते. विहिरीवरच्या पंपाच्या पाइपाला खाली फुटव्हॉल्व्ह असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी वर चढू देतो, परत खाली उतरू देत नाही. पी आणि एन यांचा हा सांधा म्हणजे विजेचा फुटव्हॉल्व्ह. त्याला डायोड म्हणतात.

त्याचा उपयोग आपण रोज करतो. घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे तिची दिशा सेकंदात १०० वेळा बदलते. मोबाइलच्या बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज लागते. म्हणून चार्जरच्या आत चार डायोड असे जोडलेले असतात की, वीज कोणत्याही दिशेने आली तरी बाहेर पडताना एकाच दिशेने पडावी.

या सांध्याला दोन भावंडे आहेत. इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून पोकळीत पडतो तेव्हा त्याच्याजवळची ऊर्जा सुटते. योग्य पदार्थ निवडला तर ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर येते. आपण ज्याला एलईडी म्हणतो तो हाच. तांबडा उजेड देणारा एलईडी १९६२ साली झाला. निळ्या उजेडासाठी मात्र गॅलियम नायट्राइड वश व्हावे लागले आणि त्याला आणखी तीस वर्षे गेली. निळा मिळाला म्हणून त्यावर पिवळ्या उजेडाचे लुकण चढवून पांढरा दिवा करता आला. या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे भावंड याच्या नेमके उलट. सांध्यावर बाहेरून ऊन पडू द्या. उजेड इलेक्ट्रॉनांचे हात सोडवतो, सीमेवरची भिंत त्यांना एका बाजूला आणि पोकळ्यांना दुसऱ्या बाजूला ढकलते, आणि तार जोडली की वीज मिळते. हा सौरघट. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखवला तेव्हा उन्हातल्या ऊर्जेपैकी शेकडा ६ च्या आसपास भाग विजेत उतरत होता. आज आपल्या शेतांवर सौरपंप चालतात, ते त्याच घराण्यातले. आजोबा उतरलेले सेल उन्हात ठेवीत, त्याच उन्हाला आता असे कामाला लावले आहे!

तिसरा पाय कशाला?

आता आपल्या दाण्याकडे वळू. डायोडला दोन पाय पुरतात. ट्रान्झिस्टरला तिसरा का?

कालव्याचे उदाहरण घ्या. कालव्यात पाणी एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने जाते. हे झाले दोन पाय. मध्ये एक दार असते. दाराचे चाक एक मनुष्य हाताने फिरवतो. त्याच्या मनगटाचा जोर तो केवढा. पण त्यावर केवढे तरी पाणी अडते आणि सुटते. तिसरा पाय म्हणजे हे चाक. दोन पायांतून मोठी वीज वाहते; ती किती वाहावी, याचा हुकूम तिसऱ्या पायावरची चिमुकली वीज देते.

पहिला ट्रान्झिस्टर झाला तो बेल प्रयोगशाळेतच, १९४७ च्या डिसेंबरात. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्राटेन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके अगदी जवळजवळ टेकवली. एका टोकाशी दिलेला दुबळा संकेत दुसऱ्या टोकाशी मोठा होऊन बाहेर पडला. त्यांच्या गटाचे प्रमुख विल्यम शॉक्ली यांनी लवकरच पी आणि एन यांचे थर एकावर एक असलेला अधिक टिकाऊ प्रकार मांडला. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याआधी हे काम काचेच्या निर्वात नळ्या करीत. आपल्याकडे त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. जुन्या मोठ्या रेडिओचे बटण फिरवले की आवाज येईपर्यंत थांबावे लागे, ते का? तर नळीतली तार तापायची असे. तापल्याशिवाय तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नसत. तेवढी उष्णता द्यायला वीज भरपूर लागे. म्हणून ते धूड एका जागी बसून राही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेले मोठे गणकयंत्रही अशाच नळ्यांचे होते. ट्रान्झिस्टरला तापायचे कारण नाही. चार सेलवर त्याचे भागते. १९५४ साली अमेरिकेत चार ट्रान्झिस्टरांचा खिशातला रेडिओ बाजारात आला. रेडिओ दिवाणखान्यातून उठून बांधावर जाऊन बसला तो या दाण्यामुळे. लोकांनी पेटीलाच दाण्याचे नाव दिले, यात नवल नाही.

रेडिओत हा दाणा काय करतो? दूरच्या केंद्रावरून आलेली लहर इतकी क्षीण असते की, ती कर्ण्याचा पडदा हलवूच शकत नाही. पण दाराचे चाक हलवण्याइतका जोर तिच्यात असतो. ती चाक हलवते आणि त्याच तालावर सेलची वीज कमीजास्त वाहते. एकाने केलेला मोठा संकेत दुसरा आणखी मोठा करतो. शेवटी कर्ण्यातून जो आवाज येतो त्यातली शक्ती सेलची, चाल मात्र गाणाऱ्याची.

आरंभीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. पण जर्मेनियममधले इलेक्ट्रॉन थोड्याशा उष्णतेनेही मोकळे होतात आणि मग दार लावले तरी पाणी झिरपत राहते. आजोबा सेल उन्हात ठेवीत, पण ट्रान्झिस्टर सावलीत, हे किती योग्य होते! सिलिकॉन उष्णता अधिक सोसते. शिवाय प्राणवायूशी संयोग पावून ते आपल्याच अंगावर काचेसारखा रोधक थर धरते. या थराचाच उपयोग करून १९५९ साली बेल प्रयोगशाळेत अटाला आणि कांग यांनी नवा ट्रान्झिस्टर केला. यात हुकूम देणारा पाय सिलिकॉनला टेकतच नाही. मध्ये तो पातळ थर असतो. पायावर धन दाब आला की खालचे इलेक्ट्रॉन थरापाशी ओढले जातात आणि वाट तयार होते; दाब गेला की वाट मोडते. आज मोबाइलमध्ये आणि संगणकात आहेत ते याच घराण्याचे वंशज.

हातचा कोण धरतो?

येथवर रेडिओचे झाले. पण ट्रान्झिस्टर हिशेब कसा करतो, हा प्रश्न राहिलाच. आणि येथे माझ्यासारख्या गणितवाल्याला फार आनंद होतो.

दार हळूहळू कमीजास्त न करता पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद, असे दोनच प्रकारांनी वापरा. उघडे म्हणजे १, बंद म्हणजे ०. एका कालव्यावर दोन दारे एकामागे एक बसवली, तर पहिले आणि दुसरे, दोन्ही उघडली तरच पाणी जाईल. दोन शेजारी वाटांवर एकेक दार बसवले, तर पहिले किंवा दुसरे, एक उघडले तरी पाणी जाईल. झाले की नाही 'आणि', 'किंवा'? आता 'नाही' पाहा. एका टाकीत वरून बारीक धारेने पाणी येत आहे आणि तळाशी दार आहे. दार उघडा: टाकी रिकामी. दार लावा: टाकी भरलेली. दाराला 'हो' म्हटले की टाकी 'नाही' म्हणते, आणि उलट. त्या टाकीच्या पाण्याचा दाब पुढच्या दाराचे चाक फिरवू शकतो. अशा साखळ्या वाटेल तितक्या लांबवता येतात.

'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन शब्दांचे गणित जॉर्ज बूल याने १८५४ च्या ग्रंथात मांडले होते. ते गणित विजेच्या बटणांनी करता येते, हे क्लॉड शॅनन याने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवले. पहा, ० आणि १ एवढेच अंक असले तर १ अधिक १ म्हणजे १०. शून्य लिहायचे आणि हातचा एक. हातचा केव्हा येतो? पहिला आणि दुसरा, दोन्ही अंक १ असले तरच. म्हणजे 'आणि'! आपण बोटावर धरतो तो हातचा येथे एकामागे एक बसवलेली दोन दारे धरतात. बेरीज आली की वजाबाकी, गुणाकार, भागाकार तिच्यापासून बांधता येतात. अक्षरांना अंक दिले की लिहिणे आले. आवाज आणि चित्र अंकांत उतरवले की ध्वनी आणि दृश्य आले.

मात्र यासाठी दारे हजारांनी, लाखांनी हवीत. एकेक दाणा तारेने जोडत बसलो तर कोण पुरा पडणार? १९५८ साली जॅक किल्बी याने सगळे भाग अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यात करून दाखवले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट नॉइस याने त्यांना जोडणाऱ्या तारादेखील सिलिकॉनवर धातूच्या पट्ट्यांनी आखता येतील, अशी रीत सुचवली. हीच आपली चिप. ती जोडत नाहीत, छापतात. सिलिकॉनच्या गोल चकतीवर प्रकाशाने बदलणारे लुकण लावायचे, नक्षीतून प्रकाश पाडायचा, हवे तेथे थर कोरायचा, हवे तेथे विरजण लावायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. एका चकतीवर अशा अनेक चिपा एकदम होतात. धुळीचा एक कण पडला तरी त्याखालची चिप वाया जाते. म्हणून हे काम करणाऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यावे लागते.

१९७१ साली इंटेल कंपनीच्या ४००४ या चिपेवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली ॲपल कंपनीच्या एम-१ या चिपेवर १,६०० कोटी झाले. आजोबांच्या पेटीतले मी बोटांवर मोजू शकलो असतो.

आपल्याला काय त्याचे?

हा दाणा मी दरवर्षी वर्गात नेतो. एकदा एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "सर, मोबाइल चालतो आहे ना, मग हे कळून करायचं काय?" प्रश्न रास्त होता. मी तिला २०२१ सालची आठवण दिली. त्या वर्षी चिपांचा तुटवडा पडला आणि जगभर, आपल्याकडेही, मोटारींचे कारखाने अडखळले. लोखंड होते, टायर होते, माणसे होती. नखाएवढी वस्तू नव्हती. जी वस्तू थोड्याच देशांत आणि थोड्याच कारखान्यांत होते, तिच्यावर सारे जग टेकलेले आहे. आपल्या देशाने १९८० च्या दशकात मोहालीला सरकारी कारखाना काढला होता. १९८९ साली त्याला मोठी आग लागली आणि आपली वाट खुंटली. तो कारखाना पुन्हा उभा राहिला, पण मधली वर्षे जगाने धावून काढली. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैशाने इमारत उभी राहील. १०० कोटींत एक परका अणू शोधून काढण्याचा काटेकोरपणा मात्र शाळा-कॉलेजांतूनच यायला हवा. वाळू आपल्याकडे कमी नाही. उणीव वाळूची कधीच नव्हती.

तिला हे पटले की नाही, कोण जाणे. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि तो दाणा उचलून उजेडात धरून पाहू लागली. म्हणाली, "याचा हुकमाचा पाय कोणता, सर?"

मी तिला बहुमापक आणून दिला. त्याच्या दोन सुया दोन दोन पायांना लावून पाहायचे, वीज कोणत्या दिशेने जाते ते टिपायचे, म्हणजे सांधे कळतात आणि सांध्यांवरून पाय कळतो. पण आमचा दाणा पडला जळका. कसाही लावला तरी तो काहीच सांगेना. मग आम्ही बाजारातून एक नवा आणला. पाच रुपयांना मिळाला. आपणही तो आणून पाहावा. तीन पायांपैकी हुकमाचा कोणता, ते आपले आपण शोधून काढावे. पेटी उघडायची असेल तर मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, आणि शक्यतो हवामानाचा अंदाज ऐकून झाल्यावर.